मामा कोणाचा, काका कोणाचा? दोनदा म्हटलेल्या अक्षरांच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देगलूर तालुक्यातला. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, आणि बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू अशा चारही भाषा एकाच भाजीच्या पाटीवर घासाघीस करताना ऐकू येतात. आमच्या शेजारी एक तेलुगू घर होतं. त्यांचा पोरगा संध्याकाळी दारात उभा राहून वडिलांना ‘नान्ना!’ अशी हाक मारायचा, आणि आमचे चुलत आजोबा, ज्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, ओसरीवरून ‘ओ’ द्यायचे. तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. मला तेव्हापासून या शब्दांचा नाद आहे. पुढे शाळेत शिकवू लागलो तेव्हा मुलांनी, त्यांच्या आयांनी, कधी सोबतच्या गुरुजींनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते इथे मांडले आहेत.

कोणत्या शब्दांबद्दल हे चाललंय?

एकच अक्षर लागोपाठ दोनदा म्हटलं की जो शब्द होतो त्याबद्दल. मामा, काका, दादा, नाना, बाबा, पापा, दीदी, जोजो, भूभू, खो-खो. हळूहळू, रामराम असे पूर्ण शब्दच दोनदा येणारे त्यांचे मोठे भाऊबंद, त्यांच्याकडेही जाऊ. मामातली जी दोन अक्षरं आहेत ती जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांत सापडतात, पण त्यांचा अर्थ गावागणिक फिरतो. माझं कुतूहल आहे ते या फिरण्याबद्दल.

जगभर आईसाठी ‘म’ आणि बापासाठी ‘प’ किंवा ‘ब’ का येतो?

याचं उत्तर बाळाच्या तोंडात आहे. मूल साधारण सहा-सात महिन्यांचं झालं की एकच अक्षर धरून त्याची माळ ओवायला लागतं: बाबाबाबा, दादादादा, मामामामा. तोंड नुसतं उघडलं की ‘आ’, आणि ओठ मिटून उघडले की ‘मा’, ‘बा’, ‘पा’. आपल्या वर्णमालेचा पवर्ग म्हणजे ओष्ठ्य वर्ण, ओठांनी होणारे. बाळाला दात नसले तरी ओठ असतात, शिवाय समोरच्या माणसाचे ओठ हलताना त्याला दिसतातही. जिभेचं टोक वर टेकवलं की ‘ता’, ‘दा’, ‘ना’. ‘ष’, ‘ळ’, ‘र’ या मंडळींना पुढे बराच अवकाश लागतो. माझ्या थोरल्या मुलीला ‘फळा’ म्हणता यायला चौथं वर्ष लागलं.

रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली नेमक्या याच प्रश्नावर लेख लिहिला. त्याच्या आदल्या वर्षी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आईबापासाठीचे १,०७२ शब्द गोळा केले होते. याकबसनने ते तपासले. आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्दांत म, न असे नाकातून येणारे वर्ण निघाले, बापासाठीच्या शब्दांत मात्र १५ टक्केच. त्याचं स्पष्टीकरण मला फार पटतं. दूध पिताना बाळाचं तोंड गुंतलेलं असतं, तेव्हा आवाज निघेल तो नाकातूनच, ‘म्ऽम्’ असा. पुढे भूक लागली की तोच आवाज मागणी म्हणून येतो. मागणी पुरवायला धावते ती आई. म्हणून ‘म’ आईला चिकटतो. आपल्या घरात मूल ‘मंमं’ म्हणतं तेव्हा ते जेवण मागतंय की आईला बोलावतंय हे आईलासुद्धा सांगता येत नाही, आणि बाळाच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

बाळ फक्त आवाज करतं. त्या आवाजाला ‘ओ’ देणारं माणूस त्याला अर्थ देतं. आमच्या ओसरीवरच्या नानांनी तेच केलं होतं. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

मग चिनी आणि मराठी एका मुळातून आल्या म्हणायच्या का? दोन्हीकडे ‘बाबा’ म्हणजे बापच की!

नाही. चिनीत बाबा म्हणजे बाप, तुर्कीत बाप, पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत बाप, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबातही बाप. या सगळ्या भाषा काही एका घराण्यातल्या नाहीत. भाषांचं नातं शोधायचं तर अवघड, पोक्त शब्द बघावे लागतात. संस्कृतातलं ‘मातृ’ आणि लॅटिनमधलं ‘मातेर’ यांच्यात फक्त ‘मा’ जुळत नाही, पुढचं शेपूटही जुळतं, आणि पितृ–पातेर, भ्रातृ–फ्रातेर अशी जोडीने जुळतं. तो पुरावा. मामा–मामा जुळणं हा पुरावा नव्हे, कारण ते प्रत्येक पाळण्यात नव्याने घडतं.

आपल्याकडेच ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ का?

फक्त आपल्याकडेच नाही. हिंदी, गुजराती, बंगालीत मामा म्हणजे आईचा भाऊ. तेलुगूत, तमिळमध्येही मामा तोच. कन्नडमध्ये तो ‘माव’ होतो.

पण मराठवाड्यात या शब्दाला जो पसारा आहे तो जरा थांबून बघण्यासारखा आहे. आमच्याकडे आईचा भाऊ मामा, आत्याचा नवराही मामा, आणि लग्न होऊन आलेली सून सासऱ्यालाही ‘मामा’ म्हणते. जुन्या घरांत ‘मामंजी’. सासूला ती ‘आत्या’ म्हणते. बाहेरगावच्या माणसाला हा गोंधळ वाटतो, पण त्यात फार नेटका हिशोब आहे. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडे पूर्वापार होती, आणि आत्या-मामाच्या मुलामुलींची लग्नं होत असत. मग आत्याच्या घरी सून म्हणून गेलेल्या मुलीची सासू खरोखर तिची आत्याच, आणि सासरा म्हणजे आत्याचा नवरा, अर्थात मामा. लग्न लांबच्या घरी झालं तरी हाक तीच राहिली. तेलुगूतही ‘मामा’ हा आईचा भाऊ आणि सासरा दोन्ही असतो, कारण तिथेही चाल तीच. याउलट संस्कृतात आईच्या भावाला मातुल आणि सासऱ्याला श्वशुर असे दोन वेगळे शब्द आहेत. घराची रचना शब्दात कशी उतरते ते मामाइतकं कोणताच शब्द दाखवत नाही असं माझं मत आहे.

पुढे तो घराबाहेर पडला. एसटीचा कंडक्टर मामा, पोलीस मामा, आकाशातला चांदोमामा. आणि एखाद्याला फसवलं तर ‘त्याला मामा बनवला’.

आता एक टोकाचं उदाहरण. कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात ‘देदा’. सगळ्या जगाच्या उलट. म्हणजे ‘म’ आईकडे ओढला जातो हे खरं, पण तो नियम नव्हे, नुसता कल आहे.

आमचा मुलगा स्पेनला असतो. तो म्हणतो, तिथे चारचौघांत ‘काका’ अशी हाक मारू नका. खरं आहे का?

खरं आहे. स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये ‘काका’ हा लहान मुलांच्या तोंडचा शब्द आहे, आपल्या ‘शी’सारखा. फिनलंडमध्ये ‘कक्का’ म्हणजेही तेच. पण स्वीडनमध्ये ‘काका’ म्हणजे केक किंवा बिस्कीट. पंजाबात काका म्हणजे लहान पोरगा, पश्तोत चुलता, स्वाहिलीत भाऊ. न्यूझीलंडच्या माओरींमध्ये ‘काका’ हा एक पोपट आहे, आणि रात्री हिंडणाऱ्या पोपटाचं नाव ‘काकापो’, कारण ‘पो’ म्हणजे रात्र. संस्कृतात काक म्हणजे कावळा, आणि तो आपल्या ओरडण्यावरूनच हे नाव घेऊन आला आहे.

चुलत्याला काका म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही. स्पेनमध्ये असताना जरा हळू आवाजात म्हणावं इतकंच.

‘दादा’ म्हणजे भाऊ की आजोबा?

मराठीत आणि बंगालीत थोरला भाऊ. हिंदी आणि गुजरातीत बापाचा बाप. मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकरी घरांत मुलं बापालाच दादा म्हणतात, कारण एकत्र कुटुंबात धाकटे चुलते त्याला दादा म्हणतात आणि मुलं ऐकतील तेच उचलतात. अशाच रीतीने बाप कुठे आबा होतो, कुठे अण्णा, कुठे तात्या, कुठे भाऊ. आई ‘वैनी’ झालेली घरंही मी पाहिली आहेत. पाटलाच्या पोराला शाळेत वडिलांचं नाव विचारलं आणि तो म्हणाला ‘दादा’, तर तो चुकला नव्हता.

दादाची ताकद वाढली की दादागिरी होते. आणि स्वाहिलीत, म्हणजे केनिया-टांझानियाकडे, ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण. तिथे भाऊ तो काका आणि बहीण ती दादा. हे वाक्य मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहितो, आणि त्या दिवशी भाषेचा तास कसा जातो ते कळत नाही.

फ्रेंच मुलांच्या बोलीत ‘दादा’ म्हणजे घोडा. १९१६ साली झुरिचमध्ये युद्धाला विटलेल्या काही कलावंतांनी आपल्या चळवळीला हेच नाव घेतलं. अर्थ नसल्यासारखा वाटणारा शब्द त्यांना हवा होता.

आणि ‘नाना’?

हिंदीत आईचा बाप. मराठीत आईच्या बापाला आपण आजोबाच म्हणतो; नाना हे आपल्याकडे नातं कमी आणि मान जास्त. नाना फडणवीसांपासून गल्लीतल्या नानांपर्यंत. घानातल्या अकान लोकांत नेमकं असंच आहे: नाना म्हणजे आजी किंवा आजोबा, आणि राजा-सरदारांच्या नावामागे मानाने लावायचा शब्दही नाना. २०१७ ते २०२५ या काळात घानाचे राष्ट्राध्यक्ष होते नाना अकुफो-अडो. हे नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली.

इंग्रजी घरांत नाना म्हणजे आजी, जपानीत सात हा आकडा. आणि संस्कृतातून आलेला ‘नाना’ तर वेगळाच: नाना परी, नानाविध. त्याचा नात्याशी संबंध नाही.

बाबा कोण? साधू, बाप की बाळ?

मराठीत तिन्ही. बाप बाबा, फकीर-साधू बाबा, आणि कडेवरचं पोरही ‘ये रे बाबा’. वैतागलेला माणूसही ‘नको रे बाबा’ म्हणतो. मात्र रशियन, पोलिश, बल्गेरियन या भाषांत बाबा म्हणजे बाई, म्हातारी किंवा आजी. रशियन लोककथांतली कोंबडीच्या पायांच्या झोपडीत राहणारी चेटकीण ‘बाबा यागा’ आहे. जपानीतही ‘बाबा’ म्हणजे म्हातारी, पण तो शब्द उद्धट समजतात.

पापा म्हणजे पप्पा का?

मराठीत तरी नाही. ‘बाळा, पापा दे’ म्हटलं की बाळ गाल पुढे करतं. हिंदीच्या ओघाने आता शहरांत वडिलांनाही पापा म्हणू लागले आहेत, म्हणून एका घरात दोन्ही पापा नांदतात. इटालियनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर दिला की ‘पापा’ म्हणजे पोप, शेवटच्या अक्षरावर दिला की बाप, आणि मधला ‘प’ जोडाक्षर केला, ‘पाप्पा’, की लहान मुलाची पातळ खिमट. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये पापा म्हणजे बटाटा.

‘बीबी का मकबरा’मधली बीबी म्हणजे बायको का?

मूळ अर्थ घरंदाज स्त्री, बाईसाहेब. उर्दूत तो फारसीतून आला. छत्रपती संभाजीनगरचा मकबरा सतराव्या शतकातला, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या कबरीवर बांधलेला. त्या बीबीचा तो मकबरा. अहमदनगरची चांदबीबीही त्याच मानाची. स्वाहिलीत ‘बीबी’ म्हणजे बाईसाहेब, आणि आजीसुद्धा.

दीदी?

हिंदी-बंगालीत थोरली बहीण, चिनीत धाकटा भाऊ. चिनी लोकांचं नात्यांचं कोष्टकच दुहेरी अक्षरांचं आहे: ‘मेइमेइ’ धाकटी बहीण, ‘नाइनाइ’ बापाची आई, ‘येये’ बापाचा बाप. आपली ताई जशी, तशी त्यांची ‘ताइताइ’, पण ती बहीण नव्हे, सौभाग्यवती.

मंमं, भूभू, जोजो हे खरे शब्द मानायचे का? मुलांशी असं बोबडं बोलावं का?

खरेच शब्द आहेत. मोठी माणसंच ते मुलाला देतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच देतात. भूभू म्हणजे कुत्रा हे मुलाने शोधलेलं नाही, आजीने सांगितलेलं आहे. जपानी आजी ‘वानवान’ सांगते. आपण ‘जोजो’ म्हणतो, फ्रेंच आई ‘दोदो’ म्हणते, दोन्हीचा अर्थ झोप. फ्रेंच ‘दोदो’ हा झोपणे या त्यांच्या धातूतून आला आणि आपला जोजो पाळण्याच्या झोक्यावर बसला. तरी दोघांची चाल सारखी, कारण झोका जातो आणि परत येतो. फ्रेंचमध्ये लागलं-खुपलं तर ‘बोबो’, आपल्याकडे ‘बाऊ’.

बोबडं बोलण्याबद्दल: खुशाल बोला. मुलाला जे म्हणता येतं ते आधी हातात द्यावं. ‘भूभू’ बरोबरच ‘कुत्रा’ही कानावर पडत राहिला की मूल आपोआप पुढे सरकतं. मी पंचवीस वर्षं पहिलीचे वर्ग पाहिले आहेत. जोजो म्हणून झोपलेलं एकही मूल त्यामुळे मागे पडलेलं पाहिलेलं नाही.

असे शब्द नात्यांपुरतेच असतात का?

छे. स्वाहिलीची सर्वनामं पाहा: मिमी म्हणजे मी, वेवे म्हणजे तू, येये म्हणजे तो किंवा ती, सिसी म्हणजे आम्ही. ‘कुकू’ म्हणजे कोंबडी, ‘लुलू’ म्हणजे मोती, ‘पोलेपोले’ म्हणजे हळूहळू. मिरचीला म्हणतात ‘पिलिपिली’, आणि तो शब्द तर आपल्या घरचा आहे. संस्कृतातली पिप्पली, म्हणजे आपली पिंपळी, व्यापाऱ्यांबरोबर फारसीत गेली, अरबीत ‘फिलफिल’ झाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिलिपिली होऊन उतरली.

जपानीत ‘कुकू’ म्हणजे पाढे. ‘कु’ म्हणजे नऊ. नव्वे नव्वे असा तो शब्द आहे, कारण त्यांचे पाढे नऊ नव्वे एक्याऐंशीवर थांबतात. आमच्या गुरुजींनी आम्हाला तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी घोकायला लावली होती.

हवाई बेटांवरच्या भाषेला अवघी १३ अक्षरं. इतक्या थोड्या अक्षरांत संसार करायचा तर तेच अक्षर पुन्हा वापरावं लागतं, म्हणून तिथे असे शब्द रग्गड. ‘विकीविकी’ म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावर या नावाची बस होती. तिच्यावरून वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने १९९५ मध्ये आपल्या संकेतस्थळाचं नाव ठेवलं, आणि त्यातून पुढे विकिपीडियाचं नाव आलं.

शब्द दोनदा म्हटला की अर्थात काय फरक पडतो?

मराठीत तो कशाला जोडला आहे त्यावर ठरतं. ‘लाल’ आणि ‘लाललाल’ यात जोर आहे. ‘दोन-दोन भाकरी घ्या’ यात वाटणी आहे, प्रत्येकाला दोन. ‘घरघर फिरलो’ यात एकही घर सुटलं नाही. ‘येता येता’ यात काळ आहे. ‘रडून रडून’ यात दमणूक. एका युक्तीतून इतके अर्थ काढणारी भाषा आपल्या तोंडी आहे आणि आपल्याला त्याचं भानही नसतं.

पाणिनीला मात्र होतं. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच ‘सर्वस्य द्वे’ या सूत्राने होते: सगळ्याच्या सगळ्या शब्दाची दोन रूपं. त्यातल्या दुसऱ्याला तो ‘आम्रेडित’ म्हणतो. आणि हे कधी करायचं तर ‘नित्यवीप्सयोः’, म्हणजे क्रिया पुन्हापुन्हा होत असेल तेव्हा, किंवा प्रत्येकापर्यंत पोचायचं असेल तेव्हा. वरचं ‘घरघर’ हे वीप्सेचं उदाहरण. मराठी व्याकरणात आपण यांना अभ्यस्त शब्द म्हणतो आणि त्यांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक असे तीन प्रकार शिकवतो: हळूहळू, गोडधोड, किरकिर.

मलायी आणि इंडोनेशियन भाषेत दोनदा म्हटलं की अनेकवचन होतं. ओरांग म्हणजे माणूस, ओरांग-ओरांग म्हणजे माणसं. पूर्वी तिथे पुढे नुसता २ लिहायचे. १९७२ च्या लेखनसुधारणेनंतर ती रीत मागे पडली. कधी मात्र अर्थच पालटतो: माता म्हणजे डोळा, माता-माता म्हणजे हेर. आणि गुला म्हणजे साखर, हा आपलाच गूळ, संस्कृत ‘गुड’मधून गेलेला, मलायीत गुला-गुला म्हणजे गोळ्या-चॉकलेट.

‘चहा-बिहा’ याच कुळातला का?

त्याच कुळातला, फक्त दुसऱ्यांदा म्हणताना पहिलं अक्षर बदलतो. अर्थ ‘चहा आणि तसलं काहीबाही’. आपण ‘बि’ लावतो: पुस्तक-बिस्तक, लग्न-बिग्न. हिंदीवाले ‘चाय-वाय’. तेलुगू आणि कन्नडवाले ‘गि’ लावतात: तेलुगूत पुली म्हणजे वाघ, पुली-गिली म्हणजे वाघबिघ. तुर्क ‘म’ लावतात, किताप-मिताप. घराणी वेगळी असूनही भारतातल्या भाषांनी अशा कितीतरी लकबी एकमेकींच्या शेजारात राहून उचलल्या. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारताला एक ‘भाषिक क्षेत्र’ म्हटलं ते असल्याच खुणांवरून. देगलूरच्या बाजारात उभं राहिलं की त्यासाठी पुस्तक लागत नाही. ‘चहा-बिहा घेऊलालाव का?’ असं मराठी गडी विचारतो, आणि समोरचा दखनीत ‘नक्को’ म्हणतो. तो नक्को म्हणजे आपलाच ‘नको’.

हळूहळू लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कसं ठरवायचं?

१९६२ च्या शासनमान्य नियमांप्रमाणे ‘हळूहळू’, ‘मुळूमुळू’ यांतला दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ. पण शब्द आवाजाची नक्कल करणारा असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व: लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. मुलांना मी सांगतो की ज्याला स्वतःचा अर्थ आहे तो ‘हळू’ दीर्घ, आणि ज्यात नुसता नाद आहे तो ‘दुडु’ ऱ्हस्व. चुका निम्म्यावर येतात.

एकच अक्षर, पण ऐकणाऱ्यागणिक अर्थ वेगळा, असं जुन्या ग्रंथांत कुठे आहे का?

आहे, आणि त्याहून सुंदर उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात देव, माणसं आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही लेकरं शिकून झाल्यावर उपदेश मागतात. तो प्रत्येकाला एकच अक्षर सांगतो: ‘द’. आणि विचारतो, समजलं? देव म्हणतात, समजलं, ‘दाम्यत’, मनाला आवरा. माणसं म्हणतात, समजलं, ‘दत्त’, दान करा. असुर म्हणतात, समजलं, ‘दयध्वम्’, दया करा. तिघांनाही तो ‘हो, समजलं’ म्हणतो. ज्याच्यात जे उणं होतं ते त्याने ऐकलं. उपनिषद पुढे सांगतं की मेघ गर्जतो तो हेच म्हणत, द द द. आमच्या भागात मृगाचा पाऊस ओढ देतो तेव्हा सगळ्यांचे कान त्याच अक्षराकडे लागलेले असतात.

‘खो-खो’मधल्या ‘खो’चा अर्थ काय?

पाठीमागून येऊन बसलेल्या गड्याला थाप मारायची आणि म्हणायचं ‘खो’, म्हणजे तू ऊठ, मी बसतो. खेळातून तो बोलण्यात आला, पण उलटा होऊन: ‘खो देणे’ म्हणजे आपलं काम पुढच्याकडे सोपवणे, ‘खो घालणे’ म्हणजे चाललेल्या कामात मोडता घालणे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्याची. त्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर पोरी अंधार पडेपर्यंत ‘खो’ देत होत्या.

‘रामराम’ दोनदाच का?

एकदा म्हटलेला ‘राम’ बहुधा सुटकेचा किंवा शेवटचा असतो: ‘राम म्हटला’ म्हणजे गेला, ‘त्यात राम नाही’ म्हणजे दम नाही. दोनदा म्हटला की भेट होते. एक तुमचा, एक माझा, असं आमच्या आजीचं म्हणणं. निघतानाही रामराम, आणि नोकरीला कायमचा ‘रामराम ठोकला’ तरी तोच.

खुलताबादच्या ‘जर जरी जर बक्ष’ या नावात तीनदा ‘जर’ का?

फारसीत जर म्हणजे सोनं. चौदाव्या शतकातले चिश्ती सूफी मुंतजिबुद्दीन यांना ‘सोनं देणारे’ या अर्थाने हे नाव मिळालं. तोच ‘जर’ पैठणीच्या जरीकाठात आहे. मराठीतला ‘जर-तर’चा जर आणि ‘असे जरी’ मधला जरी यांचा त्याच्याशी संबंध नाही, आवाज तेवढा सारखा.

आमच्या घरात सून तेलुगू आहे, आम्ही मराठी. बाळाने कोणाला काय म्हणावं?

तुम्ही ठरवू नका, ज्याने त्याने ‘ओ’ द्यावं. गेल्या पावसाळ्यात आमच्याच भावकीत असं घर पाहिलं. आठ महिन्यांचं पोर ओसरीवर बसून ‘तातातातता’ करत होतं. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा, म्हणून निजामाबादहून आलेले त्याचे आईकडचे आजोबा हात पसरून पुढे झाले. त्याच वेळी इकडच्या आजीला वाटलं की पोर ‘टाटा’ करतंय, आणि ती हसत हसत दारातून हात हलवायला लागली. पोराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुन्हा तेच म्हटलं.